फ्रीबीएसडी १३.३ वरून १४.३ सोर्समधून : बिल्डवर्ल्ड दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडतो

दख्खनी_शेल

नमस्कार मंडळी,

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या १३.३ आवृत्तीवरून १४.३ वर सोर्समधून, म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाइल करून, जायचं आहे. मशीन असं : ४ कोअर, ८ थ्रेड, ८ जीबी रॅम, २ जीबी स्वॅप, रूट झेडएफएस फाइलसिस्टीमवर, यूईएफआय बूट, शेजारच्या पार्टिशनवर विंडोज. /यूएसआर/एसआरसी मध्ये गिटने रेलेंग/१४.३ शाखा घेतली आहे. आज्ञा दिली ती ‘मेक -जे१६ बिल्डवर्ल्ड’ (वर्ल्ड म्हणजे कर्नल सोडून बाकी सगळी सिस्टीम, जे१६ म्हणजे १६ कामं एकदम).

तीन वेळा चालवलं, तिन्ही वेळा फेल. पहिल्यांदा एलएलव्हीएमच्या (कंपाइलरचा पाया) एका फाइलवर, दुसऱ्यांदा क्लँगच्या (सी कंपाइलर) भलत्याच फाइलवर, तिसऱ्यांदा लिंक करताना. शेवटच्या ओळींत फक्त ‘एरर कोड १’ आणि ‘स्टॉप्ड’ दिसतं. तिसऱ्या वेळी वर कुठेतरी ‘अनेबल टू एक्झिक्यूट कमांड: किल्ड’ असंही होतं.

मेक.कॉन्फ (बिल्डची सेटिंग्ज) मध्ये सीफ्लॅग्ज -ओ३ आणि सीपीयूटाइप नेटिव्ह आहे. कर्नलची कॉन्फिग म्हणजे १३ सोबत आलेल्या जेनेरिक या मूळ फाइलची पूर्ण प्रत, त्यात थोडी छाटणी. ग्राफिक्ससाठी डीआरएम-केमॉड पॅकेज आहे.

दोन प्रश्न. सोर्स बिघडलाय की मशीन, हे कसं ओळखायचं? आणि बिल्ड झाल्यावर कोणत्या क्रमाने गेलं म्हणजे मशीन परत चालू होईल याची खात्री राहते?

पहिली_ओळ

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. तुम्ही रेलेंग शाखेवर आहात. रिलीज झालेल्या शाखेत फक्त सुरक्षेचे आणि गंभीर चुकांचे बदल येतात, तेव्हा तिथला बिल्ड सोर्समुळे अडणं फार दुर्मीळ. मेन शाखेवर (जिथे नवं काम चालू असतं) असता तर आधी सोर्सवर संशय घ्या म्हणालो असतो. रेलेंगवर आधी स्वतःच्या मशीनवर आणि स्वतःच्या कॉन्फ फाइलींवर घ्यायचा.

शेवटच्या ओळींवरून काहीच कळत नाही. १६ कामं एकदम चालू असताना एक पडलं की बाकीची हातातलं काम संपवून मगच थांबतात. खरी चूक त्यामुळे शेकडो ओळी वर सरकलेली असते. पूर्ण लॉग ठेवा :

स्क्रिप्ट /व्हार/टीएमपी/बीडब्ल्यू.लॉग मेक -जे४ बिल्डवर्ल्ड

बरेच जण पाइप लावून ‘टी’ वापरतात. त्यात खोच आहे : पाइपचा निकाल ‘टी’ चा धरला जातो, मेकचा नाही. पुढे ‘&&’ लावून कर्नलची आज्ञा जोडली असेल तर बिल्डवर्ल्ड फेल होऊनही कर्नल सुरू होतो. ‘स्क्रिप्ट’ आतल्या आज्ञेचा निकाल जसाच्या तसा परत देतो.

मग लॉगमध्ये ‘एरर:’ हा शब्द वरून खाली शोधा आणि पहिला सापडेल तो घ्या. तरी गोंधळ वाटला तर ओबीजे (बिल्डच्या फाइली साठतात ते /यूएसआर/ओबीजे) न पुसता, -जे न लावता तीच आज्ञा पुन्हा द्या. झालेलं काम सोडून मेक थेट अडलेल्या जागी येतो आणि चूक अगदी शेवटी, एकटी दिसते.

आता निदान. तीन प्रकार असतात.

‘किल्ड’ किंवा सिग्नल ९ म्हणजे मेमरी संपली. डीमेसेज (कर्नलचे संदेश) बघा. ‘वॉज किल्ड: फेल्ड टू रिक्लेम मेमरी’ अशी ओळ असेल तर शंकाच नको. तुमचं हेच झालंय असं माझं मत. एलएलव्हीएमच्या काही फाइली कंपाइल होताना एकेक प्रक्रिया एक जीबीच्या आसपास जाते, लिंक करताना त्याहून जास्त. अशा १६ प्रक्रिया आणि वर झेडएफएसचा आर्क (रॅममधला कॅश), हे ८ जीबीत बसत नाही. जे चा आकडा थ्रेड मोजून नाही, रॅम मोजून ठरवायचा : प्रत्येक कामाला दीड ते दोन जीबी. तुमच्यासाठी -जे४. तेही जड गेलं तर -जे३.

सोबत आर्कला लगाम घाला : सिसकंट्रोलने व्हीएफएस.झेडएफएस.आर्क_मॅक्स दीड-दोन जीबीवर आणा. स्वॅप निदान ८ जीबी करा, पण पार्टिशनवर. झेडव्हॉलवर (झेडएफएसच्या आतल्या आभासी डिस्कवर) स्वॅप ठेवू नका, कारण मेमरी संपत आल्यावर स्वॅपला लिहायला झेडएफएसलाच पुन्हा मेमरी लागते आणि मशीन गोठतं. डिस्क हळू असेल तर व्हीएम.पेजआउट_ओओएम_एसईक्यू १२ वरून १२० करा, म्हणजे कर्नल प्रक्रिया मारण्याआधी जास्त वेळ थांबतो. डीमेसेजमध्ये ‘रिक्लेम’ ऐवजी ‘वेटेड टू लाँग टू अलोकेट अ पेज’ असं असेल तर बटण वेगळं : व्हीएम.पीफॉल्ट_ओओएम_अटेम्प्ट्स. ते -१ केलं की त्या कारणाने मारणं बंद होतं. पण स्वॅप खरोखरच कमी असताना ते -१ करणं म्हणजे मशीन अडकवून ठेवणं, आधी स्वॅप वाढवा.

दुसरा प्रकार सिग्नल ११, आणि तोही दर वेळी नव्या जागी. हे जवळजवळ नेहमी हार्डवेअर : रॅम, तापमान, वीजपुरवठा, ओव्हरक्लॉक. कंपाइलर तासन्‌तास सगळे कोअर आणि बहुतेक रॅम राबवतो, म्हणून रोजच्या वापरात न दिसणारा दोष इथे बाहेर येतो. मेमटेस्ट रात्रभर चालवा.

तिसरा प्रकार : दर वेळी त्याच फाइलवर, त्याच ओळीवर. तिथे दोष सोर्समध्ये, कॉन्फमध्ये किंवा जुन्या ओबीजेमध्ये.

ओबीजे_साफ

वरचं सगळं बरोबर. त्यात मेक.कॉन्फची भर घालतो, कारण मेमरीचा प्रश्न सुटल्यावर तुम्ही तिथे अडकणार.

सीफ्लॅग्ज -ओ३ काढून टाका. बेस सिस्टीम -ओ२ वर तपासलेली असते. -ओ३ ने बेसमध्ये जाणवेल असा वेग मिळत नाही, कंपाइलला मात्र मेमरी आणि वेळ जास्त लागतो. बिल्ड अडला की पहिली चाचणी हीच करायची, सगळ्या कॉन्फ बाजूला ठेवून :

मेक -जे४ __मेक_कॉन्फ=/डेव्ह/नल एसआरसीकॉन्फ=/डेव्ह/नल बिल्डवर्ल्ड

(नावं कॅपिटल अक्षरांत, आणि पहिल्याच्या सुरुवातीला दोन अंडरस्कोर.) असं करून झाला तर दोष तुमच्या कॉन्फमध्ये. मग एकेक ओळ परत घाला. सीपीयूटाइप नेटिव्ह त्याच मशीनसाठी चालतं. एका मशीनवर बिल्ड करून जुन्या प्रोसेसरच्या दुसऱ्या मशीनवर इन्स्टॉल केलंत तर तिथे सिग्नल ४ येईल, कारण त्या प्रोसेसरला त्या सूचनाच माहीत नसतात.

तुमचा बिल्ड कोणत्या टप्प्यावर अडला तेही लॉगमध्ये असतं. तीन ‘>’ चिन्हांनी सुरू होणाऱ्या ओळी शोधा. टप्पा १ मध्ये बूटस्ट्रॅपची साधनं, टप्पा ३ मध्ये क्रॉस-साधनं, टप्पा ४ मध्ये हेडर, लायब्ररी आणि बाकी सगळं. १ ते ३ हे तुमच्या आत्ता बसलेल्या १३.३ च्या कंपाइलरने होतं, ४ हे नुकत्याच तयार झालेल्या नव्या कंपाइलरने. म्हणजे टप्पा ३ मधली चूक जुन्या सिस्टीमकडे बोट दाखवते, ४ मधली नव्या सोर्सकडे किंवा तुमच्या फ्लॅग्जकडे.

यातून वेळेचाही हिशोब कळतो. १३.३ मध्ये क्लँग १७ आहे, १४.३ मध्ये १९. आवृत्ती वेगळी म्हणून एलएलव्हीएम दोनदा बांधला जातो : एकदा टप्पा ३ मध्ये वापरायला, एकदा टप्पा ४ मध्ये बसवायला. एकाच शाखेत पुढे जाताना कंपाइलर जुळला तर पहिली फेरी आपोआप वगळली जाते. म्हणून हा बिल्ड नेहमीपेक्षा बराच लांबला तर घाबरू नका.

तीन अर्धवट प्रयत्न झालेत, तेव्हा ओबीजे पूर्ण पुसूनच सुरू करा. नुसतं आरएम केलं तर काही फाइलींवर एसचेंज फ्लॅग असल्याने ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येईल :

सीएचफ्लॅग्ज -आर नोएसचेंज /यूएसआर/ओबीजे/यूएसआर
आरएम -आरएफ /यूएसआर/ओबीजे/यूएसआर
सीडी /यूएसआर/एसआरसी
मेक क्लीनडिर
मेक क्लीनडिर

(फ्लॅग टाइप करताना त्याचं आखूड रूप, चार अक्षरी ‘एस-सी-एच-जी’, आणि काढताना त्याच्या आधी ‘नो’.) क्लीनडिर दोनदा हे चुकून लिहिलेलं नाही. पहिली फेरी ओबीजेतलं साफ करते, दुसरी फेरी सोर्सच्या झाडात चुकून तयार झालेल्या फाइली काढते.

मग गिट स्टेटस बघा. तिथे बदललेली एकही फाइल दिसता कामा नये. आणि बिल्ड चालू असताना गिट पुल कधीही करू नका : अर्धी हेडर जुनी, अर्धी नवी, आणि चूक अशा जागी येते की सोर्समध्ये शोधून सापडत नाही.

दख्खनी_शेल

पहिली_ओळ आणि ओबीजे_साफ, दोघांचे मनापासून आभार. डीमेसेजमध्ये ‘फेल्ड टू रिक्लेम मेमरी’ तीन वेळा होतं. स्वॅप ८ जीबी केला, आर्क दीड जीबी, -ओ३ काढलं, ओबीजे पुसलं, -जे४. बिल्डवर्ल्ड शेवटपर्यंत गेला.

आता बिल्डकर्नल पहिल्याच मिनिटाला थांबतो, आणि दर वेळी त्याच ठिकाणी :

कॉन्फिग: एरर: डिव्हाइस ‘एएमआर’ इज अननोन

नंतर एमएलवाय साठीही तेच. ही हार्डवेअर माझ्याकडे नाहीतच.

पहिली_ओळ

हा तिसरा प्रकार, आणि सोपा. ते जुने रेड कंट्रोलरचे ड्रायव्हर १४ मधून काढून टाकले आहेत. तुमची कॉन्फिग १३ च्या जेनेरिकची प्रत असल्याने नावं राहून गेली. ओळी काढल्या की ही चूक जाईल, पण तेवढ्यावर थांबू नका. पूर्ण प्रत ठेवली की काढलेल्या गोष्टी ओरडून सांगतात, नव्या आलेल्या गोष्टी मात्र गुपचूप गळतात. कर्नल बिल्ड होतो आणि बूटला काहीतरी सापडत नाही.

कॉन्फिग अशी ठेवा : पहिली ओळ ‘इन्क्लूड जेनेरिक’, दुसरी ‘आयडेंट’ आणि तुमचं नाव, मग नको असलेल्यांसाठी ‘नोडिव्हाइस’ आणि ‘नोऑप्शन्स’, हव्या असलेल्यांसाठी ‘ऑप्शन्स’. दहा-पंधरा ओळींची फाइल होते आणि पुढच्या अपग्रेडला जेनेरिकमधले बदल आपोआप मिळतात. ‘कॉम्पॅट_फ्रीबीएसडी१३’ मात्र काढू नका. का ते खाली कुणीतरी सांगेलच.

आणि /यूएसआर/एसआरसी मधली ‘अपडेटिंग’ फाइल वाचा. तारखेनुसार नोंदी आहेत, नवीन वर. तुमच्या जुन्या शाखेनंतरच्या सगळ्या नजरेखालून घालायच्या आणि शेवटी दिलेली पायऱ्यांची यादी समोर ठेवायची. यातल्या बहुतेक चुकांची उत्तरं तिथे आधीच लिहिलेली असतात.

कर्नल_आधी

क्रमाचं मी सांगतो, कारण इथे चूक झाली तर नुसता बिल्ड नाही, मशीन अडतं.

नियम एकच : आधी नवा कर्नल, त्यावर बूट, मग नवं वर्ल्ड. नवा कर्नल जुन्या प्रोग्रामांच्या सिस्टीम कॉल समजून घेतो, कॉम्पॅट पर्याय त्यासाठीच असतात. जुना कर्नल नव्या प्रोग्रामांचे नवे कॉल ओळखत नाही. २०१७ मध्ये तेव्हाच्या १२-करंटमध्ये इनोड ६४ बिटांचे झाले, तेव्हा जुन्या कर्नलवर नवं वर्ल्ड टाकलं तर साधे एलएस सुद्धा चालत नसे. वर्ल्ड आधी टाकण्याचा मोह इथे बिलकुल नको.

बूट एन्व्हायर्नमेंटने (चालू सिस्टीमची परत बूट करता येणारी प्रत) सुरुवात करा, झेडएफएस असताना याला पर्याय नाही : ‘बीईसीटीएल क्रिएट जुने१३३’ (प्रत्यक्षात नाव रोमन अक्षरांत द्या). काही बिघडलं तर बूट मेनूमधून जुनं निवडता येतं. नेहमीच्या मांडणीत /यूएसआर/एसआरसी वेगळ्या डेटासेटवर असतं, पण /यूएसआर/ओबीजे नसतं, ते रूटमध्येच बसतं. म्हणजे बूट एन्व्हायर्नमेंट केलीत की ओबीजेचे गीगाबाइट स्नॅपशॉटमध्ये अडकतात आणि पुसले तरी जागा मोकळी होत नाही. ओबीजेसाठी स्वतंत्र डेटासेट करा, तो झेडरूट/यूएसआर खाली.

चालू कर्नलची एक जास्तीची प्रत ठेवा : ‘सीपी -ए /बूट/कर्नल /बूट/कर्नल.गुड’. इन्स्टॉलकर्नल जुना कर्नल ‘कर्नल.ओल्ड’ म्हणून ठेवतो खरा. पण नवा कर्नल बूट झाला, त्यात खोट निघाली आणि तुम्ही पुन्हा बिल्ड करून टाकलात, की खोट असलेला कर्नल ‘ओल्ड’ होतो आणि चांगला पुसला जातो. कर्नल.गुड ला कोणी हात लावत नाही. लोडरच्या प्रॉम्प्टवर ‘बूट कर्नल.गुड’ म्हटलं की झालं.

पुढे :

मेक -जे४ बिल्डकर्नल केर्नकॉन्फ=तुमचंनाव
मेक इन्स्टॉलकर्नल केर्नकॉन्फ=तुमचंनाव

रीबूट करण्याआधी आरसी.कॉन्फ मधल्या केएलडी_लिस्ट मधून डीआरएमचं मॉड्यूल काढा. ते १३ च्या कर्नलसाठी बांधलेलं आहे. १४ च्या कर्नलवर ‘व्हर्जन मिसमॅच’ म्हणून नाकारलं गेलं तर नशीब, नाहीतर पॅनिक. लोडर.कॉन्फ मध्ये बाहेरचं मॉड्यूल असेल तर तेही काढा.

मग सिंगल यूझरमध्ये (फक्त रूटचा शेल, बाकी सेवा बंद) बूट. तिथे :

माउंट -यू /
झेडएफएस माउंट -ए
अ‍ॅडजकर्नटीझेड -आय

तिसरी ओळ तुमच्यासाठी महत्त्वाची. शेजारी विंडोज आहे, म्हणजे हार्डवेअरचं घड्याळ बहुधा भारतीय वेळेवर आहे. सिंगल यूझरमध्ये ही आज्ञा दिल्याशिवाय कर्नल तीच वेळ यूटीसी धरतो आणि घड्याळ साडेपाच तास पुढे जातं. त्या वेळात इन्स्टॉल झालेल्या प्रत्येक फाइलवर भविष्यातला शिक्का बसतो. नंतर खरी वेळ परत आली की मेकला काय जुनं आणि काय नवं हे कळत नाही. ‘डेट’ देऊन खात्री करूनच पुढे जा. /ईटीसी मध्ये ‘वॉल_सीएमओएस_क्लॉक’ फाइल आहे ना, तेही बघा. ती नसेल तर अ‍ॅडजकर्नटीझेड काहीच करत नाही.

मग :

ईटीसीअपडेट -पी
सीडी /यूएसआर/एसआरसी
मेक इन्स्टॉलवर्ल्ड
ईटीसीअपडेट -बी
मेक डिलीट-ओल्ड

ईटीसीअपडेट /ईटीसी मधल्या फाइली नव्या आवृत्तीशी जुळवतो. ‘-पी’ वगळू नका. इन्स्टॉलवर्ल्डला लागणारे यूझर आणि ग्रुप त्यातून येतात. नसले तर ‘रिक्वायर्ड ... यूझर इज मिसिंग’ म्हणून सुरुवातीलाच थांबतो, जे बरंच आहे. इन्स्टॉलवर्ल्डला -जे लावू नका.

इन्स्टॉलवर्ल्ड अडण्याची दोन नेहमीची कारणं. /टीएमपी ‘नोएक्झेक’ ने माउंट असणं : इन्स्टॉल काही साधनं तिथे कॉपी करून तिथूनच चालवतो, म्हणून ‘परमिशन डिनाइड’ येतं. टीएमपीडिर दुसरीकडे वळवा. आणि सिक्युअरलेव्हल (कर्नलची सुरक्षा पातळी) १ किंवा जास्त असणं : तेव्हा लिबसीवरचा (प्रोग्रामांची मूळ सी लायब्ररी) फ्लॅग काढता येत नाही. सिंगल यूझरमध्ये दुसरं कारण उरत नाही, म्हणून मल्टीयूझरमध्येच उरकण्याचा शॉर्टकट मी सुचवत नाही.

अर्ध्यावर अडलं आणि एलएस, सीपी चालेनासे झाले तर /रेस्क्यू मधले प्रोग्राम वापरा. ते स्टॅटिक लिंक केलेले असतात, लिबसी मोडली तरी चालतात.

ईटीसीअपडेटने ‘कॉन्फ्लिक्ट’ दाखवले तर ‘ईटीसीअपडेट रिझॉल्व्ह’ द्या आणि मास्टर.पासवर्ड फाइल डोळ्यांत तेल घालून बघा. ‘<<<<’ चिन्हं आत राहिली किंवा नवी फाइल आंधळेपणाने स्वीकारली तर तुमचा यूझरच उडतो.

ओबीजे_साफ

कर्नल_आधी यांनी जिथे सोडलं तिथून पुढे.

मल्टीयूझरमध्ये आल्यावर ‘फ्रीबीएसडी-व्हर्जन -केआरयू’ द्या. तिन्ही ओळी १४.३ हव्यात. एखादी १३.३ असेल तर काहीतरी राहिलंय.

‘डिलीट-ओल्ड-लिब्ज’ मात्र लगेच देऊ नका. १३ मध्ये ओपनएसएसएल १.१.१ होतं, १४ मध्ये ३.० आहे. लिबक्रिप्टो.एसओ.१११ च्या जागी लिबक्रिप्टो.एसओ.३० आलं. तुमची सगळी जुनी पॅकेजं अजून १११ कडे बघतात. ती लायब्ररी पुसली की कर्ल, गिट, पायथन एका फटक्यात बंद. आधी :

पीकेजी-स्टॅटिक बूटस्ट्रॅप -एफ
पीकेजी अपग्रेड -एफ

‘स्टॅटिक’ यासाठी की साधं पीकेजी (पॅकेज बसवणारं साधन) स्वतःच जुन्या लायब्ररीवर उभं असतं. पॅकेजं झाली, स्वतः बांधलेली पोर्ट्स पुन्हा बांधली, मग ‘मेक डिलीट-ओल्ड-लिब्ज’. डीआरएमचं पोर्ट १४.३ च्याच सोर्सवर बांधा आणि मगच केएलडी_लिस्ट मध्ये परत घाला. पुढच्या वेळी विसरायला नको म्हणून एसआरसी.कॉन्फ मध्ये पोर्ट्स_मॉड्यूल्स लिहून ठेवा, म्हणजे प्रत्येक बिल्डकर्नलबरोबर तेही बांधलं जाईल.

वारंवार बिल्ड करणार असाल तर /ईटीसी/एसआरसी-एन्व्ह.कॉन्फ मध्ये विथ_मेटा_मोड घाला आणि फाइलमॉन मॉड्यूल लोड करा. मग कोणती फाइल कशावर अवलंबून आहे याची नोंद राहते आणि बदललेलंच पुन्हा बांधलं जातं. ही ओळ एसआरसी.कॉन्फ मध्ये घातली तर उपयोग नाही, एन्व्ह फाइलच हवी.

कर्नल_आधी

एक राहिलं. ‘झेडपूल स्टेटस’ आता ‘नवी फीचर्स उपलब्ध’ म्हणून सांगेल. झेडपूल (झेडएफएसचा डिस्कसाठा) अपग्रेड निदान काही दिवस करू नका. केलंत की १३.३ ची बूट एन्व्हायर्नमेंट तो पूल वाचू शकेल याची शाश्वती जाते, म्हणजे परतीची वाट बंद.

करायचं ठरेल तेव्हा आधी बूटलोडर बदला. ईएसपी (यूईएफआयचं बूट पार्टिशन) /बूट/ईएफआय वर माउंट असतं. /बूट/लोडर.ईएफआय तिथल्या ईएफआय/फ्रीबीएसडी मध्ये कॉपी करा. ईएफआय/बूट मधली बूटएक्स६४.ईएफआय मात्र आधी तपासा. तुमच्याकडे विंडोज आहे, ती फाइल विंडोजची असू शकते, तेव्हा न बघता तिच्यावर लिहू नका. नव्या लोडरने एकदा रीबूट करून दाखवलं की मगच झेडपूल अपग्रेड.

दख्खनी_शेल

‘इन्क्लूड जेनेरिक’ ने कॉन्फिग ११ ओळींची झाली, बिल्डकर्नल पार पडला. ओबीजेचा डेटासेट केला, कर्नल.गुड ठेवलं. वॉल_सीएमओएस_क्लॉक फाइल खरंच नव्हती, ती आता केली. रात्री सिंगल यूझरमध्ये जातो, पूल तसाच ठेवतो.